भरून ठेवायला काय जातंय?

मराठी मध्यमवर्गीय घरांमध्ये पिढ्यानपिढ्या चालत आलेलं एक वाक्य आहे. "भरून ठेवायला काय जातंय?" बँकेची परीक्षा असो, म्हाडाची सोडत असो, की कुठल्या तरी लांबच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा ऑप्शन फॉर्म असो, भरून ठेवायचा. मिळालं तर बघू. नाही मिळालं तर आपलं काय गेलं? माझी तर सगळी जडणघडणच ह्या वाक्यावर झालेली आहे. बारावीच्या वर्षी आमच्या घरी एकूण सात फॉर्म भरले गेले, त्यातला एक मर्चंट नेव्हीचा होता. मला बोट लागते. गेटवे ते एलिफंटा एवढ्या अंतरातसुद्धा लागते. पण भरून ठेवायला काय जातंय! :)

(सुदैवाने तिथे नंबर लागला नाही. समुद्रही वाचला आणि मीही.)

तर आज ह्या वाक्याबद्दलच जरा लिहायचं आहे. खरंच काय जातं? आणि समजा, ज्यासाठी फॉर्म भरला ती गोष्ट आपल्याला मुळात नकोच होती, आणि ती मिळाली नाही, तर त्या क्षणी जे वाटतं त्याचं करायचं काय?

जे वाटतं त्याला मराठीत झकास शब्द आहे. "सुटलो!" पण हा शब्द वापरायची परवानगी फार थोड्या ठिकाणी आहे. परीक्षा संपली, सुटलो. पाहुणे गेले, सुटलो (हे दार लावून मग म्हणायचं). होम लोन फिटलं, सुटलो. एखादी "संधी" हातची गेली की मात्र हा शब्द बाद. तिथे फक्त "हुकली", "गेली", "नशीब" असे शब्द चालतात. बस चुकली की सगळे हळहळतात, पण ती बस कुठे चालली होती आणि तुम्हाला तिथे जायचं होतं का, हे कोणीही विचारत नाही.

माझी बस अमेरिकेची होती. एच-१बी.

आयटीतल्या लोकांना हे प्रकरण पाठ असतं, पण बाकीच्यांसाठी थोडक्यात. अमेरिका दरवर्षी ६५ हजार एच-१बी व्हिसा देते, आणि तिथल्या विद्यापीठातून मास्टर्स किंवा त्यावरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. आमच्या आधीच्या पिढीला, वायटूकेच्या लाटेत गेलेल्यांना, हे कळत नाही. त्यांच्या वेळी, म्हणजे २००१ ते २००३ ह्या अमेरिकी आर्थिक वर्षांत, हाच आकडा १ लाख ९५ हजार होता. त्यामुळे एडिसनला राहणाऱ्या काकांना अजूनही वाटतं की मुलगा हुशार असला की व्हिसा होतो. नंतर आकडा परत ६५ हजारांवर आला, मागणी वाढत गेली आणि सोडत काढायची वेळ आली. हुशारीचा प्रश्न मिटला.

आता गंमत बघा. आधी ह्या सोडतीत उतरायचं तर कंपनीला पूर्ण अर्ज कागदोपत्री तयार करून, फी भरून, जाडजूड गठ्ठा पाठवावा लागायचा. वकिलांचा खर्च निराळा. त्यामुळे कंपनी दहादा विचार करून नाव पाठवायची. २०२० पासून ऑनलाइन नोंदणी आली. आधी फक्त नाव नोंदवा, नंबर लागला तर मग अर्ज करा. नोंदणीची फी किती? १० डॉलर. अमेरिकेच्या केंद्र सरकारने आपलं राष्ट्रीय वाक्य अधिकृतपणे स्वीकारलं! पहिल्या वर्षी पावणेतीन लाखांच्या आसपास नोंदण्या झाल्या. २०२३ च्या मार्चमध्ये झाल्या ७ लाख ८० हजार. त्यातल्या निम्म्याहून जास्त अशा लोकांच्या, ज्यांची नावं एकापेक्षा जास्त कंपन्यांनी टाकली होती. मग २०२४ पासून एका माणसाचं नाव सोडतीत एकदाच धरायचं असा नियम झाला. २०२५ मध्ये फी १० ची २१५ डॉलर झाली आणि त्या वर्षी आकडा साडेतीन लाखांच्या घरात आला. सगळं श्रेय फीला द्यायचं कारण नाही, पण काही जणांना "काय जातंय" ह्याचं उत्तर मिळालं असणार एवढं नक्की.

माझं नाव गेलं २०२४ च्या मार्चमध्ये. म्हणजे १० डॉलरवालं शेवटचं वर्ष. तेव्हाच्या दराने सव्वाआठशे रुपये. एवढ्यात आमच्या टीमचा एक वेळचा वडापाव-चहा होतो.

मॅनेजर भला माणूस. त्याने महिन्याच्या वन-ऑन-वनमध्ये विचारलं, "ह्या वर्षी तुझं नाव टाकतोय. काही हरकत नाही ना?" ह्या प्रश्नाकडे जरा नीट बघा. हरकत नाही ना? इच्छा आहे का, असं नाही विचारलं. हरकत आणि इच्छा ह्यांच्या मधे केवढा तरी मोठा मुलूख पसरलेला आहे, आणि आपल्यातले बहुतेक लोक आयुष्यभर त्या मुलखातच राहतात. मला हरकत नव्हती. मी म्हटलं, टाक.

इच्छा नव्हती ह्याचं कारण विचारलंत तर माझी जरा पंचाईत होते. एक मोठं, सांगण्यासारखं कारण नाही. अमेरिकेबद्दल राग वगैरे तर अजिबात नाही. २०१३ मध्ये सात महिने मिनेसोटात काढले आहेत. तिथली सार्वजनिक वाचनालयं मला अजून आठवतात, आणि दुपारी साडेचारला मिट्ट काळोख झाल्यावर येणारा कंटाळाही आठवतो. बायको फिजिओथेरपिस्ट आहे, तिचं स्वतःचं क्लिनिक आहे, आता कुठे पेशंट नाव ऐकून यायला लागलेत. एच-१बीवाल्याच्या बायकोला एच-४ मिळतो, त्यावर लगेच काम करता येत नाही. नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण एका ठरावीक टप्प्याच्या पुढे सरकलं तरच तशी परवानगी मागता येते, आणि ही सोयसुद्धा २०१५ पासूनची. वर तिथे फिजिओ म्हणून उभं राहायचं तर पदवीचं मूल्यांकन करून घ्या, परवान्याची परीक्षा द्या. ग्रीन कार्डच्या रांगेत एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के, म्हणून भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब. हे सगळं खरं आहे. पण ही सगळी कारणं उद्या कोणी जादूने काढून टाकली असती तरी मला जावंसं वाटलं नसतं, हेही तितकंच खरं आहे. मला इथेच राहायचं होतं. मला भेंडी आवडते पण दोडका आवडत नाही, ह्याला जितकं कारण आहे तितकंच ह्याला.

इथेच सगळी गोम आहे. आपल्याकडे "नको" म्हणायला कारण लागतं, "हवं" म्हणायला लागत नाही. अमेरिकेला जातोय म्हटलं की "का?" असं कोणी विचारत नाही. जात नाही म्हटलं की चौकशी आयोग बसतो. आणि आयोगाला "जावंसं वाटत नाही" हे उत्तर चालत नाही. आईवडिलांची तब्येत चालते, बायकोची नोकरी निम्मी चालते, मुलांचं शिक्षण उलट्या बाजूने चालतं ("अरे मग मुलीसाठी तरी जा!"). त्यामुळे माणूस साधा हिशोब करतो. नाही म्हणून वीस जणांना उत्तरं देत बसण्यापेक्षा नाव जाऊ दे. नाही म्हणायचं काम सोडत करेल. ती कोणाची आत्या नाही, तिला कोणी जाब विचारणार नाही.

ही सोय उत्तम आहे. फक्त ती फुकट नाही. बिल वडापावच्या पलीकडचं असतं, आणि मी ते जरा तपशिलात सांगतो, कारण हा खर्च कुठल्याच एक्सेलमध्ये लिहिला जात नाही.

ह्या सोडतीची एक खोड अशी, की नंबर लागला तर ते मार्चअखेर सांगतात, पण नाही लागला तर लगेच "नाही" म्हणत नाहीत. स्टेटस नुसतं "सबमिटेड" असं राहतं. निवडलेल्यांपैकी सगळेच काही पुढे अर्ज करत नाहीत, मग जागा उरतात, मग कधीकधी दुसरी फेरी निघते. २०२४ मध्ये ती निघाली थेट ऑगस्टच्या सुरुवातीला. म्हणजे मार्चपासून ऑगस्टपर्यंत आमचं घर "सबमिटेड" होतं.

बायकोच्या क्लिनिकच्या जागेचं ॲग्रीमेंट एप्रिलमध्ये संपत होतं. मालक म्हणाले, छत्तीस महिन्यांचं करा, भाडं आहे तेच ठेवतो. तिने अकरा महिन्यांचं केलं. एक मशीन घ्यायचं होतं, त्याचं कोटेशन येऊन पडलं होतं, ते तसंच पडलं. लेकीच्या पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी जवळची शाळा की तिला आवडलेली लांबची, ह्यावर आम्ही नीट भांडलोसुद्धा नाही. "बघू, तोपर्यंत इथेच आहोत का ते तरी कळू दे." बाल्कनीतल्या जास्वंदाची कुंडी बदलायची होती, ती राहिली (हे मात्र अमेरिकेच्या डोक्यावर नको, ते माझ्या आळशीपणावर जाऊ दे). आणि बाबा. त्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं. मी दोनदा विचारलं, "बाबा, तारीख घेऊ का?" ते म्हणाले, "तुझं काय ते ठरू दे. माझं काय, दिसतंय अजून." चार-पाच महिने ते पेपर खिडकीपाशी नेऊन वाचत होते.

कोणी तक्रार केली नाही. ह्यातली कुठलीच गोष्ट मोठी नव्हती. फक्त घरातलं प्रत्येक बोलणं शेवटी एकाच वाक्यावर येऊन थांबायचं, "बघू, ऑगस्टपर्यंत."

डेटाबेसवर काम केलेल्या मंडळींना हा प्रकार ओळखीचा वाटेल. एखादं ट्रान्झॅक्शन लॉक घेऊन बसतं. कमिटही होत नाही, रोलबॅकही होत नाही. कुठे एरर दिसत नाही, लॉगमध्ये लाल काही नसतं. फक्त बाकीच्या क्वेरी मागे रांगेत उभ्या राहतात आणि सिस्टिम "जरा स्लो" वाटायला लागते. अशा वेळी डीबीए येऊन ते ट्रान्झॅक्शन मारतो, आणि दोन सेकंदांत सगळं वाहतं होतं. ट्रान्झॅक्शनमध्ये काय होतं ते कोणी विचारत नाही.

ऑगस्टमध्ये वकिलांच्या ऑफिसकडून दोन ओळींची ठरीव मेल आली, आमचंही ट्रान्झॅक्शन मारलं गेलं. मी लगेच बायकोला फोन केला. ती म्हणाली, "थांब, पेशंट आहे." वीस मिनिटांनी तिचा फोन आला. मी सांगितलं. तिने एक सेकंद घेतला आणि विचारलं, "मग मालकांना छत्तीस महिन्यांचं सांगू?"

अमेरिका हा शब्द त्या संभाषणात आलाच नाही.

ऑफिसात मात्र सुतकी चेहरा करून बसावं लागलं. "हार्ड लक रे." "अगला साल पक्का." आत्याचा फोन, "अरे, देवाच्या मनात असेल तेव्हा होईल, तू नको वाईट वाटून घेऊस." मी वाईट वाटून घेत नव्हतो, पण हे तिला सांगितलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं. माझं सांत्वन करायला ती तासभर फोनवर होती. चांगल्या मनाने केलेलं सांत्वन परत कसं करायचं, ह्याची रीत अजून कोणी काढलेली नाही.

एका ठिकाणी मात्र तो चेहरा काढून टाकायची माझी छाती झाली नसती, आणि होऊही नये. आमच्याच टीममधला एक जण. त्याची बायको दोन वर्षं तिकडे नोकरीला, हा इकडे. तिच्याबरोबर एच-४ वर जाता येईल, पण मग काम सोडून घरी बसायचं. तिसरा प्रयत्न होता त्याचा. त्याचंही नाव आलं नाही. कँटीनमध्ये समोर बसला, ताटातली पोळी नुसती तोडत राहिला आणि म्हणाला, "तुझं पण नाही ना?" आपण एकाच होडीत आहोत एवढाच त्याला त्या दिवशी आधार होता. तिथे "मी सुटलो" म्हणणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा.

त्याच्यासमोर बसून मी मनातल्या मनात गणित करत होतो, काय करणार, सवय. त्या वर्षी सोडतीत साधारण ४ लाख ७० हजार पात्र नोंदण्या होत्या आणि दोन्ही फेऱ्या मिळून निवडली गेली सुमारे १ लाख ३५ हजार. माझ्या एका नावाने त्याची शक्यता कमी झाली असेल तर दशांशचिन्हानंतर चार-पाच शून्यं सोडून कुठेतरी. म्हणजे काहीच नाही. पण त्या यादीत नुसतं "हरकत नाही" म्हणून आलेले किती आणि खरोखर हवं म्हणून आलेले किती, ह्याचा हिशोब कोणाकडेच नसतो. चिठ्ठीवर नाव असतं, इच्छा नसते. पुढे २०२६ च्या हंगामासाठी पगाराच्या पातळीप्रमाणे वजन देऊन सोडत काढायचा नियम आला. पगार तरी मोजता येतो. इच्छा मोजायचं यंत्र कुठून आणणार?

आता तुमच्यातले काही जण गालातल्या गालात हसत असतील, ते मला इथून दिसतंय. कोल्ह्याला द्राक्षं आंबट! मान्य, हा आक्षेप गंभीर आहे. यॉन एल्स्टर नावाच्या विचारवंताने १९८३ मध्ये ह्याच द्राक्षांवर "सावर ग्रेप्स" नावाचं आख्खं पुस्तक लिहिलं. मिळत नाही असं दिसलं की माणूस आपल्या आवडीनिवडीच गुपचूप बदलून घेतो, हा त्यातला एक मुख्य मुद्दा. मग माझी सुटका ही सुटका कशावरून? कोल्हेगिरी कशावरून नाही?

तर क्रम बघा. कोल्ह्याने आधी उड्या मारल्या, मग द्राक्षं आंबट ठरवली. आमच्याकडे मार्चमध्येच, नाव गेल्याच्या आठवड्यात, बायकोने विचारलं होतं, "नंबर लागला तर काय सांगून नाही म्हणायचं?" आणि आम्ही दोघांनी रात्री जेवणानंतर त्यावर गांभीर्याने चर्चा केली होती. बाबांचे डोळे पुढे करायचे की क्लिनिक? द्राक्षं चुकून अंगावर पडलीच तर काय सबब सांगायची, ह्याची तयारी करणारा कोल्हा इसापाने लिहिलेला नाही.

नाणं उडवायची ती जुनी युक्ती माहीत असेल तुम्हाला. काय पडतं ते महत्त्वाचं नाही, नाणं हवेत असताना मनात काय येतं ते बघायचं. आमचं नाणं पाच महिने हवेत होतं. बघायला भरपूर वेळ मिळाला.

पण एक सांगायला हवं. सुटल्याची प्रत्येक भावना इतकी सरळ नसते. भीतीतूनही सुटका वाटते. एखाद्याला प्रेझेंटेशन द्यायची धास्ती असते, क्लायंटसमोर इंग्रजी बोलायची असते, आणि ते काम दुसऱ्याला गेलं की हायसं वाटतं. ते हायसं वाटणं आठवडाभरात आंबतं. मग माणूस त्या दुसऱ्याचे फोटो बघत बसतो, "मी असतो तर" असली वाक्यं करायला लागतो. आमच्या इथे एक मुलगी आहे, उत्तम कोड लिहिते. गेल्या वर्षी तिला मॅनेजर करतील अशी हवा होती, केलं दुसऱ्यालाच. मला म्हणाली, "खरं सांगू? मला इतकं बरं वाटतंय! फक्त सगळे येऊन समजूत घालतायत ना, ते सहन होत नाही." मी तिला दोन महिन्यांनी मुद्दाम पुन्हा विचारलं. ती तेव्हा एका मेमरी लीकच्या मागे लागलेली होती, माझा प्रश्न कशाबद्दल आहे हे तिला आधी कळलंच नाही. खरी सुटका ही अशी ओळखायची. ती विसरली जाते.

म्हणूनच मला त्या लिंक्डइनवरच्या "रिजेक्शन" कथांचा कंटाळा येतो. तुम्हीही वाचल्या असतील. ब्रायन ॲक्टनला २००९ मध्ये फेसबुकने आणि ट्विटरने नोकरी नाकारली, मग त्याने जोडीदाराबरोबर व्हॉट्सॲप काढलं, आणि २०१४ मध्ये फेसबुकनेच ते १९ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. गोष्ट खरी आहे आणि झकास आहे. पण ती आमच्या उपयोगाची नाही. त्या गोष्टीत "बरं झालं" म्हणायची परवानगी १९ अब्ज डॉलर आल्यावर मिळते. जे मिळालं नाही त्याहून मोठं काहीतरी मिळाल्याशिवाय तुम्हाला हायसं वाटू द्यायचंच नाही, असा हा कारभार आहे. मला तर पुढे काहीही मोठं मिळालं नाही. प्रमोशन नाही, स्टार्टअप नाही. दसऱ्यानंतर बाबांचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर ते स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "ही फरशी इतकी मळलीय, आणि तुम्ही कोणी बोलला नाहीत?" क्लिनिकमध्ये मशीन आलं. लेक लांबच्या शाळेत जाते आणि रोज सकाळी व्हॅनला उशीर होतो. एवढंच. पण "बरं झालं" म्हणायला एवढं पुरतं.

आणि उलटंही बघा. जो स्वतःहून, तोंडाने नाही म्हणतो त्याला आपण माणसांत धरत नाही. ग्रिगोरी पेरेलमानने २००६ मध्ये गणिताचं फील्ड्स मेडल नाकारलं, २०१० मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस नाकारलं. त्याला जगाने एकतर संत केलं नाहीतर विक्षिप्त. साध्या, पगारदार, ईएमआय भरणाऱ्या माणसाने, संतही न होता आणि डोक्यावरही परिणाम न होता, "मला नको" म्हणावं अशी जागाच नाही.

जागा नाही म्हणून मग लोक सबब येण्याची वाट बघतात. १९ सप्टेंबर २०२५ ला, शुक्रवारी, ट्रम्पसाहेबांनी नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरची फी लावणारा आदेश काढला. म्हणजे ८८ लाख रुपये. तो शनिवार-रविवार ज्यांनी अनुभवला त्यांना विचारा. सुट्टीवर आलेली माणसं अर्ध्या बॅगा घेऊन विमानतळाकडे धावली. ही फी आधीच व्हिसा असलेल्यांना नाही, हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला, तोवर व्हायचा तो मनस्ताप होऊन गेला होता. ज्यांचं घरदार तिकडे आहे त्यांच्यासाठी ती भयंकर गोष्ट होती, त्याबद्दल चेष्टा नाही. पण त्याच आठवड्यात आमच्या चहाच्या टपरीवर मी निदान तिघांना म्हणताना ऐकलं, "आता काय, दारच बंद केलं त्यांनी!" आणि तिघांचेही चेहरे काय खुलले होते म्हणून सांगू! त्यांना कारण मिळालं होतं. तेही थेट व्हाइट हाउसकडून. इतकी वजनदार सबब आत्यासुद्धा खोडू शकत नाही.

मी त्या वेळी गप्प बसून चहा प्यायलो, कारण माझा निकाल त्याच वर्षी मार्चमध्ये लागून गेला होता. त्याचं असं झालं, की मार्च २०२५ मध्ये कंपनीची मेल आली, ह्या वर्षी नाव टाकायचं का ते कळवा. ह्या वेळी मॅनेजरऐवजी फॉर्म होता, त्यात चक्क "होय" आणि "नाही" असे दोन गोल होते. मी "नाही" वर टिचकी मारली. खाली लगेच एक ड्रॉपडाउन उघडलं, कारण निवडा. कौटुंबिक. वैद्यकीय. शिक्षण. दुसरीकडे प्रक्रिया चालू आहे. इतर. मी "इतर" निवडलं, तर रिकामी चौकट आली, स्पष्ट करा. मी लिहिलं, "जायची इच्छा नाही."

तासाभरात एचआरमधल्या मुलीचा फोन आला. ती फार गोड बोलते. "सर, तुमचं रिस्पॉन्स बघितलं. काही प्रॉब्लेम आहे का? मॅनेजरशी काही?"

"नाही, काहीच नाही."

"घरी सगळं ओके ना?"

"एकदम ओके."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग कीबोर्डचा आवाज. "सर, हे कारण रिपोर्टमध्ये जात नाहीये. मी 'कौटुंबिक' टाकू का?"

मी म्हटलं, टाका.